शत्रूशीं जन्मजात सख्य

शाहूपुरीच्या पेठेंतील श्रोत्यांस घरउंदीर नवा नाहीं. त्याच्याच जातीच्या, प्रयोगशाळेंत पाळलेल्या उंदरांत एरिक ट्राउब यांस १९३६ च्या सुमारास एक नवल आढळलें. मेंदुज्वराचा एक विषाणु प्रौढ उंदराच्या मेंदूंत टोंचला, तर उंदीर मरतो. मारतात त्या विषाणूशीं झुंजणाऱ्या त्याच्याच रक्षक पेशी, हें पुढें कळलें. गर्भांतच बाधा झालेलें पिलूं मात्र तोच विषाणु जन्मभर वाहून जगतें. कोंवळ्या वयांत रक्षक पेशी परक्यासही आपला मानतात, असा तर्क बर्नेट व फेनर यांनीं १९४९ सालीं मांडला. परंतु हें सख्य अपुरें. उतारवयांत कित्येकांचीं मूत्रपिंडें बिघडतात. मातेकडून ‘ब’ काविळीचा विषाणु घेणाऱ्या अर्भकांतही रोग असाच मुकाट्यानें मुरतो व पुढें यकृत ग्रासतो. म्हणूनच जन्मल्यावर २४ तासांच्या आंत लस टोंचणें अगत्याचें.