ग्रामपंचायतीची खरेदी : मागणीपत्रापासून साठा नोंदवहीपर्यंत



खरेदीचा विषय पंचायतीच्या सभेत बहुधा अखेरीस येतो. दरपत्रके वाचली जातात, सर्वांत कमी दर मंजूर होतो आणि ठराव लिहिला जातो. परंतु खरेदी दरपत्रकापाशी सुरू होत नाही आणि ठरावापाशी संपतही नाही. तिचा आरंभ गरजेच्या नेमक्या नोंदीत व शेवट मालाच्या तपासणीत असतो.

पिण्याच्या पाण्यासाठी लागणाऱ्या ब्लिचिंग पावडरीचे उदाहरण घ्यावे. खेडोपाडी ती ‘टीसीएल’ या नावाने परिचित आहे. ताज्या पावडरीत उपलब्ध क्लोरीन सुमारे एक तृतीयांश असते. उष्णता, दमट हवा आणि काळ यांमुळे ते घटत जाते. मागणीपत्रात केवळ ‘टीसीएल, इतक्या पिशव्या’ असे लिहिले, तर जुना, निःसत्त्व मालही सर्वांत कमी दराचा म्हणून स्वीकारला जातो. मग नेहमीची मात्रा टाकूनही पाणी निर्जंतुक होत नाही आणि ऐन पावसाळ्यात अतिसाराची साथ गावाच्या वेशीशी येते. पंचायतीने वाचविलेल्या पैशांची किंमत गावाला आजारपणाने मोजावी लागते.

यास्तव क्लोरीनचे किमान प्रमाण, उत्पादनाचा महिना, वेष्टन व पुरवठ्याचे हप्ते मागणीपत्रात स्पष्ट नमूद करावेत. वर्षाची गरज एकत्रित धरून दर ठरवावा आणि माल मात्र टप्प्याटप्प्याने घ्यावा. निविदा टाळण्यासाठी एकाच खरेदीचे तुकडे पाडणे ही सर्वस्वी निराळी व नियमबाह्य गोष्ट होय. माल येताच वजन पडताळावे, नमुना सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेकडे पाठवावा, साठा नोंदवहीत नोंद घ्यावी आणि अहवाल समाधानकारक असल्यासच देयक अदा करावे.

या कामी नियमांचा आधार आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम १४ नुसार पंचायतीच्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असणारी व्यक्ती सदस्यत्वास अपात्र ठरते. राज्य शासनाने १ डिसेंबर २०१६ रोजी खरेदीची नियमपुस्तिका निर्गमित केली. त्याच वर्षी केंद्र शासनाचे ‘जेम’ हे खरेदी संकेतस्थळही सुरू झाले. मात्र संगणकावर मागविलेला मालही शेवटी पंचायतीच्या दारातच उतरतो. तो उघडून पाहण्याचे काम माणसालाच करावे लागते.

लेखापरीक्षक येतो तो पैसा खर्च झाल्यानंतर. ग्रामस्थ मात्र रोज तेथेच असतात. काय घेतले, कोणाकडून, किती दराने आणि तपासणीत काय आढळले, या चार गोष्टी सूचनाफलकावर लावाव्यात व ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात. ग्रामनिधी हा घराघरांतून भरलेल्या करांचाही पैसा आहे. त्याचा हिशेब उघड्यावर मांडणारी पंचायत गावाचा विश्वास संपादन करते, आणि करवसुलीच्या वेळी तोच विश्वास तिच्या उपयोगी पडतो.