ॲम्बेसेडरच्या इंजिनातील तेलगळती

हिंदुस्तान ॲम्बेसेडर २०१४ पर्यंत पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनत होती. तिला बरीच वर्षे बसवले जाणारे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातले. एमजीए आणि एमजीबी या स्पोर्ट्स गाड्यांची इंजिने त्याची सख्खी भावंडे, आणि तेल गळण्याच्या जागाही या भावंडांत बऱ्याचशा सारख्याच.

तेल उताराने खाली येते आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे सरकते. त्यामुळे थेंब पडतो तिथेच गळती असेल असे नाही. टॅपेट कव्हरखालून झिरपलेले तेल ब्लॉकच्या मागून ओघळत बेल हाउसिंगपर्यंत (गिअरबॉक्सच्या तोंडाशी क्लच झाकणाऱ्या भागापर्यंत) पोहोचते, क्रँकचे मागचे टोकच गळते असे वाटते आणि विनाकारण गिअरबॉक्स उतरवला जातो. म्हणून तपासाची सुरुवात धुलाईने करावी. थंड इंजिन रॉकेल आणि ब्रशने स्वच्छ करून वाळवावे, सांध्यांवर टाल्कम पावडर उडवावी, गाडी चांगली तापेपर्यंत चालवावी आणि मग वरून खाली पाहत यावे. पावडर सर्वांत वर जिथे भिजली, तिथे उगम.

पाना उचलण्याआधी ब्रीदर, म्हणजे क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणारी वाट, पाहणे आवश्यक आहे. पिस्टन रिंगा झिजल्या की जळलेला वायू क्रँककेसमध्ये उतरतो. ब्रीदर काजळीने तुंबला असेल तर त्या वायूच्या दाबाला वाट उरत नाही आणि तो प्रत्येक सांध्यातून तेल बाहेर ढकलतो. चालू इंजिनाचे तेलाचे झाकण उघडल्यावर धुराचे फुत्कार येत असतील, तर नवे पॅकिंगही फार दिवस टिकणार नाही. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे तेल भरण्याची सवयही गळती वाढवते.

वरचे टॅपेट कव्हर आणि ब्लॉकच्या बाजूच्या दोन झाकणांना बुचाचे, म्हणजे कॉर्कचे पॅकिंग असते. इथली बहुतेक गळती नट जास्त आवळल्यामुळे होते. पातळ पत्रा वाकतो, कॉर्क चेपून बाहेर येतो आणि मग मिस्त्री आणखी आवळतो. वाकलेली कड सपाट ठोकळ्यावर ठोकून सरळ करावी, जुने पॅकिंग पूर्ण खरवडावे, नवे बसवून नट बेताने आवळावेत. सिलिकॉनचा जाड थर टाळावा. आत सुटलेला तुकडा तेलपंपाच्या जाळीत अडकला तर इंजिनच जाते. इंजिनाच्या तळाच्या तेलपात्राच्या, म्हणजे चेंबरच्या, पुढच्या आणि मागच्या टोकांना वेगळे कॉर्कचे तुकडे असतात. चेंबर बसवताना तेच हमखास सरकतात.

टायमिंग कव्हरचे सील बदलताना पुली आत घालून कव्हर मध्यावर आणावे आणि नंतरच बोल्ट आवळावेत. पुलीच्या दांड्यावर खाच पडली असेल, तर नवे सीलही गळते. तिथे पातळ स्लीव्ह चढवावी लागते.

सर्वांत वादाची जागा क्रँकचे मागचे टोक. तीन मेन बेअरिंगच्या या इंजिनात तिथे रबरी सील नाहीच. क्रँकवर आटे कोरलेले असतात. फिरताना ते तेल आत परत ओढतात. इंजिन थांबले की हे ओढणे थांबते, म्हणून चढावर उभ्या गाडीखाली काही थेंब पडणे या रचनेत धरलेलेच आहे. बेअरिंग झिजून क्रँक खाली बसला, की आट्यांभोवतीची फट असमान होते आणि गळती वाढते. बाजारातली गळती थांबवणारी औषधे रबर फुगवतात. जिथे रबरच नाही तिथे ती निरुपयोगी. एमजीबीला १९६४च्या अखेरीस पाच बेअरिंगचे इंजिन मिळाले आणि त्यासोबत मागे रबरी सीलही आले. तीन बेअरिंगच्या इंजिनांवर असे सील बसवण्याचे संच ब्रिटनमध्ये मिळतात, पण झिजलेल्या बेअरिंगवर त्यांचाही उपयोग होत नाही.

थोड्या थेंबांसाठी गिअरबॉक्स उतरवणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. क्लच तेलाने घसरू लागला तर मात्र गिअरबॉक्स उतरवावा, आणि त्याच वेळी मेन बेअरिंगची झीज मोजून घ्यावी.