सुईला भिऊ नका

श्रोतेहो, खोकला महिनाभर हटत नाही, थुंकीतून रक्त पडते, वजन उतरते, की आपण म्हणतो, "क्षय असेल." पुष्कळदा असतोही. पण फुप्फुसाच्या कर्करोगाची लक्षणेही हीच, आणि क्ष-किरण चित्रातला डाग दोन्हींत सारखा दिसू शकतो. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत, तर त्या डागाचा कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच निवाडा करावा लागतो.

हा कण सुईने काढतात. गाठ छातीच्या भिंतीला टेकलेली असली, तर ती सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसते. डॉक्टर जागा बधिर करतात आणि सुईचे टोक पडद्यावर पाहत पाहत नेमका तुकडा घेतात. गाठ खोल असली, तर मध्ये हवा येते, आणि हवेतून सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी नीट जात नाहीत. मग सी.टी. स्कॅनचा आधार घेतात. कधी फुप्फुसाभोवती हवा साठते, थोडे रक्त पडते; म्हणून नंतर काही तास रोग्याला देखरेखीखाली ठेवतात.

"सुई लावली की कर्करोग पसरतो," असे गावोगाव बोलतात. तसे घडणे फार विरळा. तपासणी लांबवली, तर मात्र रोगाला वाढायला सवड मिळते. शिक्षक बंधुभगिनींनो, एवढे आपल्या गावात जरूर समजावून सांगा.