जीर्णोद्धार : शब्द आणि आचार
(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



ट्रस्टच्या स्थापनेपूर्वीपासून उभ्या असलेल्या आपल्या धर्मशाळेचे पुढे काय करावे, हा प्रश्न सध्या आपल्यापुढे आहे. ती पाडून नवी, प्रशस्त वास्तू बांधावी असे अनेकांना वाटते, आणि त्यालाही आपण ‘जीर्णोद्धार’ असेच म्हणतो. म्हणून आज या एका शब्दाविषयीच बोलतो.

जीर्णोद्धार म्हणजे जे जीर्ण झाले त्याचा उद्धार. वैद्य रुग्णाला बरे करतो. त्याच्या जागी दुसरा माणूस आणून बसवीत नाही. नवे मंदिर बांधण्यापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, असे आपल्या परंपरेत म्हटले जाते. नव्या बांधकामात स्वतःच्या नावाचा मोह असतो, जुन्याच्या सेवेत तो गळून पडतो, हेच त्यामागील मर्म असावे.

आपल्या जिल्ह्याला २०२४ पासून ज्यांचे नाव लाभले, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडीचा. मंदिरे, घाट, विहिरी आणि धर्मशाळा यांसाठी त्यांनी देशभर केलेले कार्य सर्वश्रुत आहे. नगरच्या किल्ल्याजवळील सोळाव्या शतकातील दमडी मशीद ही किल्ल्यावर राबणाऱ्या मजुरांनी दमडी-दमडी जमवून बांधली, असे सांगतात. शत्रुंजयाच्या उद्धारप्रसंगी भीमा कुंडलिया या गरीब श्रावकाने जवळचे सातही द्रम्म अर्पण केले आणि बाहड मंत्र्यांनी त्याचे नाव दात्यांच्या यादीत सर्वांत वर लिहिले, ही कथा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. आपली धर्मशाळाही अशाच लहान देणग्यांतून उभी राहिली. ती भुईसपाट झाली, तर त्या अनामिक दात्यांची खूण कोठे उरेल?

उत्तम जीर्णोद्धार कसा असतो, हे देलवाड्यास पाहावे. शेठ कस्तुरभाई लालभाई यांच्या नेतृत्वाखाली आणंदजी कल्याणजी पेढीने १९५० च्या दशकात तेथील काम हाती घेतले, तेव्हा मुळाशी जुळणारा संगमरवर दांत्याच्या डोंगरांतून मिळवला आणि काम सोमपुरा शिल्पींच्या हाती सोपवले. जुने कोठे संपते आणि नवे कोठे सुरू होते, हे सहज ओळखू येत नाही.

आपल्या भिंती काळ्या दगडाच्या आणि घाणीत मळलेल्या चुन्याच्या आहेत. चुन्यात ओल बाहेर टाकण्याचा गुण असतो. आपण त्यावर सिमेंटचा गिलावा केला आणि तुळयांना तैलरंग फासला. ओल आत कोंडली. भिंतीला लोणा लागला, तुळयांची टोके कुजली. हा दोष वास्तूच्या वयाचा नाही, आपल्या उपचाराचा आहे. प्रथम छप्पर आणि पन्हळी दुरुस्त व्हाव्यात, मग सिमेंट खरवडून पुन्हा चुना द्यावा. जी तुळई खरोखर निकामी झाली असेल, तेवढीच बदलावी. जुन्या बांधकामाच्या जाणकार अभियंत्याकडून तपासणी होईपर्यंत धोक्याच्या भागास टेकू देऊन तो बंद ठेवावा. यात्रेकरूंच्या जिवाशी खेळ नको. तपासणीअंती एखादा भाग वाचण्यासारखा नसेल, तर तो दुःखाने पण निःशंकपणे उतरवावा.

खाणीतून नवा दगड फोडण्यापेक्षा असलेला दगड जपण्यात हिंसा कमी आणि परिग्रहही कमी, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

शेवटी एकच विनंती. नव्या सभागृहासाठी दाते पुढे येतात, कारण तेथे नामशिला लागते. पन्हळीवर कोणी नामशिला लावीत नाही. परंतु वास्तू वाचते ती पन्हळीमुळेच. या सुवर्णमहोत्सवात केवळ देखभालीसाठी एक कायम निधी उभारावा आणि पाडण्याचा निर्णय तपासणीपूर्वी घेऊ नये.

बोलण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छा मि दुक्कडं. जय जिनेंद्र!