वाहिनी, केबलवाला आणि प्रेक्षक
(मुंबई उपनगरातील शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्या काळी संचासाठी परवाना शुल्क असे. कार्यक्रमांना निराळा दर नव्हता. १९९० नंतर उपग्रह वाहिन्या आल्या. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथे एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर तारा ओढून केबलवाल्यांनी त्या घरोघर पोहोचविल्या. १९९५ साली या व्यवसायासाठी कायदा झाला. ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुंबईसाठी सेट-टॉप बॉक्सची अंतिम मुदत ठरली.

आता वाहिन्यांच्या कंपन्या आपले कार्यक्रम इंटरनेटवरून प्रेक्षकाला थेट विकतात. हॉटस्टार २०१५ मध्ये व झी५ २०१८ मध्ये सुरू झाले. अशी थेट विक्री असावी काय? माझे उत्तर होकारार्थी आहे. रात्री उशिरा लोकलने घरी परतणाऱ्यास सवडीने मालिका पाहता येते. परप्रांतातील मराठी कुटुंबालाही ती मिळते.

तथापि, एक भेद ध्यानी घ्यावा. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार १ फेब्रुवारी २०१९ पासून केबलवरील प्रत्येक सशुल्क वाहिनीचा मासिक दर स्वतंत्रपणे जाहीर होतो. इंटरनेटवरील वर्गणीस हे दरनियम लागू नाहीत. शिवाय चित्र बंद पडले की केबलवाल्याचा माणूस जिना चढून येतो. थेट विक्रीत असा ओळखीचा माणूस नसतो. चाळीत एकट्या राहणाऱ्या वृद्धेच्या दृष्टीने ही उणीव लहान नव्हे.

म्हणून तीन गोष्टी आवश्यक वाटतात. थेट विक्री ही केबलला जोड असावी. केबलवरील कार्यक्रम काढून घेऊन प्रेक्षकास तिकडे वळवू नये. वर्गणी, तिची मुदत आणि बँक खात्यातून होणारी आपोआप कपात यांची माहिती सुबोध मराठीत द्यावी. तसेच अनेक केबलवाले आज इंटरनेट जोडणीही देतात. नव्या विक्रीत त्यांना रास्त वाटा मिळावा.

ग्रामीण भागात, जेथे इंटरनेट क्षीण आहे, तेथे मासिक शुल्क नसलेली डीडी फ्री डिशची सेवा मोठा आधार आहे. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी हे पर्याय आणि त्यांचा खर्च लोकांना समजावून द्यावा. पैसे कशाचे भरतो आणि तक्रार कोणाकडे करावयाची, हे ज्याला ठाऊक आहे, त्याचीच निवड खरी निवड होय.