चव्हाट्यावरचे दुकान
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



वारसा म्हटला की आपण किल्ले, राजवाडे आणि देवळे मोजतो. आज मी तुम्हाला एका नाक्यावरच्या दुकानात नेणार आहे.

मुंबईला धोबी तलावाच्या कोपऱ्यावर जेर महाल ही जुनी इमारत आहे. तिच्या तळमजल्यावर १९०४ पासून कयानी हे इराण्याचे हॉटेल आहे. आपल्यापैकी अनेकांनी तिथे ब्रुन मस्का चहात बुडवून खाल्ला असेल. वरच्या मजल्यांवर गोव्याच्या गावागावांची कुडे, म्हणजे नोकरीसाठी किंवा बोटीवर जाण्यासाठी आलेल्या गोवेकरांची उतरण्याची ठिकाणे. खाली धंदा, वर बिऱ्हाड, अशी ही व्हिक्टोरियन वळणाची घडण.

अशा इमारतींचा कोपरा बहुधा तिरका कापलेला असतो आणि दार त्या कापात असते. वळणाऱ्या गाडीचे चाक भिंतीला घासत नाही, दोन्ही रस्त्यांवरून दार दिसते आणि दोन बाजूंनी उजेड-वारा येतो. एवढ्या साध्या गोष्टीत केवढा विचार आहे!

पण मग हे कोपरे इराण्यांकडेच कसे गेले? १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत दाट वस्ती फोडून नवे रस्ते काढले गेले. रस्ते वाढले तसे नाकेही वाढले. आपल्याकडे उतारा टाकायचा तो तिकाटण्यावर, चव्हाट्यावर. म्हणून हिंदू व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानत आणि ती इराण्यांना मिळे, असे सांगतात. आपण जिथे लिंबू टाकले, तिथे त्यांनी चहाचे आधण ठेवले! गिरणी कामगार, वकील, विद्यार्थी, सगळे एकाच टेबलाला बसू लागले.

मंडळी, लोकमान्यांनी तरी वेगळे काय केले? देवघरातला गणपती त्यांनी चौकात आणला. आपल्या बेळगावात तर अख्खी चव्हाट गल्ली आहे. चव्हाटा म्हणजे सर्वांची जागा, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

२०१८ साली मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा मान मिळाला. तो मुख्यतः ओव्हल मैदानाभोवतीच्या भव्य इमारतींचा. नाक्यावरच्या दुकानाला असा मान सहसा मिळत नाही. जुन्या भाड्यात मालकाला डागडुजी परवडत नाही, आणि नव्या भाड्यात दुकानदाराला धंदा परवडत नाही. कयानीसमोरचे बस्तानी असेच नावाजलेले होते. आज ते नाही. इमारत उभी राहिली तरी धंदा उठला की कोपरा मुका होतो.

म्हणून आपल्या गावाकडे पाहू या. कॅम्पात, खडे बाजारात, गणपत गल्लीत चालताना मान वर करा. कौले, लाकडी गॅलरी, फळ्यांची दारे जिथे उरली असतील, तिथे थांबा. फोटो काढा. दुकानाच्या मालकांना विचारा, आजोबांनी हे केव्हा बांधले, गवंडी कुठला, लाकूड कुठून आले. लिहून ठेवा. कुणाची इमारत नव्याने बांधायची वेळ आलीच, तर निदान तो कापलेला कोपरा आणि रस्त्याकडे उघडणारे दार राखा.

आणि सर्वांत सोपे काम म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून सामान घ्या. गिऱ्हाईक टिकले तरच दुकान टिकते.

गणपती बाप्पा मोरया!