सैनिकांचा निद्रानाश आणि दूरस्थ उपचार



सैनिकाला झोप येत नाही, यात व्याख्यान देण्यासारखे काय, असे काहींना वाटेल. पण हातात बंदूक किंवा गाडीचे चाक असलेला माणूस महिनोन्‌महिने अर्ध्या झोपेवर काम करतो, तेव्हा धोका त्याच्या एकट्यापुरता राहत नाही. इराक आणि अफगाणिस्तानातील युद्धांच्या काळात अमेरिकेच्या सैन्यात निद्रानाशाचे रुग्ण फार वाढले. मी बोलणार आहे ते मुख्यतः तिथल्या अनुभवाविषयी.

झोप येत नाही म्हटले की आपण गोळी मागतो. सैनिकाने गोळी घेतली आणि मध्यरात्री हुकूम आला, तर त्या गुंगीत त्याने काय करायचे? शिवाय सवय लागते ती वेगळीच. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ साली स्पष्ट सांगितले की, प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय गोळी नव्हे, वर्तनोपचार होय.

हा उपचार म्हणजे “काळजी करू नका” असा उपदेश नव्हे. ते चक्क हिशेबाचे काम आहे. रुग्ण रोज सकाळी वहीत लिहितो : किती वाजता पडलो, केव्हा डोळा लागला, केव्हा उठलो. अंथरुणात आठ तास आणि झोप साडेपाचच तास, असे दिसले तर त्याला अंथरुणात साडेपाच तासच राहायला सांगतात. ऐकायला उलटेच वाटते! पण अंथरुणातला जागता वेळ कमी झाला की झोप सलग लागू लागते. मग पंधरा-पंधरा मिनिटांनी वेळ वाढवत नेतात. आर्थर स्पीलमन यांनी ही पद्धत १९८७ मध्ये मांडली. त्याआधी, १९७२ मध्ये, रिचर्ड बूटझिन यांनी वेगळे नियम दिले होते : अंथरूण झोपेसाठीच, झोप येईना तर उठून दुसरीकडे बसा, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठा. सहा-आठ बैठकांत पुष्कळांना गुण येतो.

मग अडचण कुठे? हे शिकलेले तज्ज्ञ थोडे. बदली झाली की उपचार अर्धवट. मानसोपचाराच्या दारात कोणी पाहिले तर बढती अडेल, ही भीती तर आहेच. म्हणून पडद्यावरून उपचार करण्याची कल्पना पुढे आली. अमेरिकेत डॉक्टरचा परवाना ज्या त्या राज्यापुरता असतो. तिथल्या माजी सैनिकांच्या खात्याने २०१८ मध्ये नियम करून आपल्या वैद्यकांना राज्याच्या सीमेपलीकडेही असे उपचार करण्याची मोकळीक दिली.

यंत्राने काम भागते का? टेक्सासमधील फोर्ट हूड छावणीत शंभर सैनिकांवर झालेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना समोरासमोर उपचार मिळाले, काहींनी तेच धडे संगणकावर स्वतः गिरवले. उपचार न मिळालेल्यांपेक्षा दोघेही सुधारले, पण समोर माणूस असलेल्यांची झोप अधिक सुधारली. उलट, युद्धाच्या मानसिक आघाताने त्रस्त माजी सैनिकांच्या २०२० मधील अभ्यासात तज्ज्ञ पडद्यावरून प्रत्यक्ष बोलत होता. तिथे गुण समोरासमोरच्या उपचारापेक्षा कमी पडला नाही. माझ्या मते फरक इथेच आहे. अंतराने फारसे बिघडत नाही, वही तपासणारे, “काल का उठला नाहीत?” असे विचारणारे माणूस मात्र पलीकडे हवे.

पथ्येही आहेत. घोरताना श्वास अडकत असेल तर आधी त्याची तपासणी हवी. पहिल्या आठवड्यांत दिवसा झापड येते, तेव्हा वाहन चालवणाऱ्याने जपावे. आणि बराकीत दहाजणांच्या मध्ये बसून मनातले बोलणार कसे, हा प्रश्न कोणताही पडदा सोडवत नाही.

आपल्याकडे पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ रोजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘टेली-मानस’चा खास कक्ष सुरू झाला. तो केवळ झोपेसाठी नाही. मनाच्या कोणत्याही त्रासावर तिथे दूरध्वनीवरून सल्ला मिळावा, असा हेतू आहे. मानसशास्त्र घेऊन पुढे काय, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी हे काम ध्यानात ठेवावे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम पुरा करून नोंदणी करावी लागते. आणि कला शाखेतून मानसशास्त्र शिकलेल्यांनाही हा रस्ता खुला आहे.